युगानुयुगांची नोंद

आमच्या चर्चचे पाद्री पापा-याकूमिस प्रवचनात नरकाच्या दारापर्यंत पोचले होते, तेवढ्यात घंटेच्या मनोऱ्यावरच्या कर्ण्यातून कढईत माकूल मासा तळल्यासारखा चर्र आवाज सुरू झाला.

चर्चमधल्या बायकांनी आधी एकमेकींकडे आणि मग छताकडे पाहिलं. दोघीतिघींनी घाईघाईनं क्रूसाची खूण केली. नरकाचं वर्णन चालू असताना मागून अशी साथ मिळणं हे काही रोजचं नव्हतं. समोरच्या चौकात निकितासच्या कॉफीघरात बसलेले पुरुष उपासना नेहमी कर्ण्यावरूनच ऐकतात, म्हणजे देवाचं देवाला पोचतं आणि कॉफीही गार होत नाही. ते म्हणाले, पापा आज फारच मनापासून बोलतायत.

पापांनी माइक झटकला, त्यावर फुंकर मारली, झग्याला पुसला. चर्र काही थांबेना. शेवटी त्यांनी माइक बंद केला आणि नरक अर्ध्यावर सोडून सगळ्यांना घरी पाठवलं. आमच्या लिथारी बेटावर माइक आल्यापासून अकरा वर्षांत असं पहिल्यांदाच झालं.

त्याच वेळी वर टेकडीवरच्या जुन्या शाळेत स्त्रातीस कुवारास एका हिरव्या दिव्याकडे कौतुकानं बघत बसला होता. स्त्रातीस अथेन्सचा. वसंतात बोटीतून उतरला तेव्हा त्याच्याबरोबर कपड्यांची एक पिशवी आणि बुटांच्या खोक्याएवढ्या सात पेट्या होत्या. आमच्याकडे टेलिफोनची तार तेवढी आहे, तीही स्वभावानं संथ. मोबाइलला एक रेघ येते ती धक्क्याच्या टोकाला, वारा पडला असेल तर. स्त्रातीसच्या कंपनीचं म्हणणं असं, की टीव्हीच्या लहरींमध्ये मधेमधे रिकामी जागा असते, तिच्यातून घराघरात इंटरनेट नेता येईल. प्रयोग होता, परवानगीही प्रयोगापुरतीच होती. एक पेटी टेकडीवर, बाकीच्या घरांमध्ये, आणि सगळ्या सुरू झाल्या त्या याच रविवारी.

परवानगीचा कागद अकरा पानांचा होता, पण सार एका ओळीचं: या लहरींमध्ये तू पाहुणा आहेस. त्याच जागेत बिनतारी माइक चालतात आणि मान त्यांचा पहिला. माइकवाला बोलायला लागला की पेटीनं मुकाट गप्प बसायचं. नव्या सुनेला घरात जी वागणूक मिळते, तीच.

पेटीला हे कळावं म्हणून दोन सोयी होत्या. एक म्हणजे अथेन्समधली यादी. ज्यानं आपला माइक यादीत नोंदवला, त्याच्या वेळेला त्याच्या गावातली पेटी आपोआप बंद. दुसरी सोय स्त्रातीसची स्वतःची: पेटीला कान. यादीत कोणी असो वा नसो, जवळ माइक सुरू झाला की पेटीनं तो ऐकून गप्प व्हावं. हा कान अथेन्समध्ये सहा वेळा तपासला गेला होता आणि सहाही वेळा ठार बहिरा निघाला होता. साहेबांनी स्त्रातीसला बेटावर धाडताना सांगितलं होतं की सातव्यांदाही असंच झालं तर पेटीबरोबर तुझाही विचार करावा लागेल. त्या रविवारी नरकाच्या ऐन दारात कान सातव्यांदा बहिरा निघाला. वर शाळेत मात्र दिवा हिरवाच होता.

निकितासनं टेकडीवर निरोप पाठवला तसा स्त्रातीस धावत खाली आला. पापा चर्चच्या पायरीवर दाढीत बोटं घालून बसले होते.

"पापा, चूक माझी आहे," स्त्रातीस म्हणाला. "माझी पेटी आणि तुमचा माइक एकाच जागेत बोलतायत."

"मी त्या जागेत अकरा वर्षं बोलतोय, बाळा."

"म्हणूनच पहिला मान तुमचा. तसा नियमच आहे. तुम्ही बोलायला लागलात की माझ्या पेटीनं गप्प बसायचं."

पापांनी दाढीतून बोटं काढली. "सरकारनं लिहून दिलंय? मी बोलायला लागलो की दुसऱ्यानं गप्प बसायचं?"

"हो. फक्त यादीत तुमचं नाव हवं."

"कागदावर आहे हे?"

"शिक्क्यासकट."

"बायकोला दाखवता येईल?"

स्त्रातीस म्हणाला, नियम फक्त पेट्यांना लागू आहे. पापांचा उत्साह जरा ओसरला, पण पूर्ण गेला नाही. सोमवारीच त्यांनी नगरपालिकेत पोलिक्सेनीला अर्ज भरायला सांगितलं आणि स्वतः होडी घेऊन जाळं काढायला गेले.

पोलिक्सेनी म्हणजे आमची नगरपालिका. माणसं बाकीचीही आहेत, पण काम ती करते. एकही रकाना रिकामा न सोडता तिनं आयुष्य काढलं आहे, आणि तेवढ्याच निष्ठेनं चाळीस वर्षं ती चर्चमध्ये पहिल्या रांगेत उभी राहते. मंगळवारी सकाळी तिनं अर्ज उघडला. माइक कोणाचा, जागा कुठली, सगळं भरलं. मग रकाना आला: वापर केव्हापासून केव्हापर्यंत. तिनं पापांना फोन लावला. त्या दिवशी वारा पडलेला होता आणि होडी धक्क्याला लागत होती, म्हणून लागलाही.

"पापा, माइक केव्हापासून केव्हापर्यंत वापरणार?"

पापांच्या एका हातात जाळ्याचा दोर होता आणि दोराला त्या महिन्यातला सगळ्यात मोठा मासा. माणूस खुशीत होता. "लिही ना," ते हसत म्हणाले, "आता आणि सदासर्वदा आणि युगानुयुगे."

आता हे शब्द उपासनेत दर दहा मिनिटांनी येतात आणि ते ऐकल्यावर करायची गोष्ट एकच असते. पोलिक्सेनीनं चाळीस वर्षांत त्यावर कधी शंका काढली नव्हती.

"आमेन," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

'केव्हापासून'मध्ये तिनं त्याच मिनिटाची वेळ घातली. 'केव्हापर्यंत'मध्ये युगानुयुगे बसेना, तिथं तारीखच हवी होती. तिनं रकाना जेवढी मोठी तारीख घेईल तेवढी घातली: ३१ डिसेंबर ९९९९. दिवसातले तास, चोवीस. मग अर्ज पाठवला.

नगरपालिकेतही स्त्रातीसनं एक पेटी बसवली होती, त्यामुळं अर्ज एका क्षणात अथेन्सला पोचला. स्वतःच्या तोंडावर बोट ठेवायचा हुकूम त्या पेटीनं स्वतःच इमानेइतबारे नेऊन दिला. अकरा वाजून वीस मिनिटांनी लिथारीवरच्या सातही पेट्या गप्प झाल्या.

स्त्रातीसनं पहिला दिवस शेळ्यांवर संशय घेण्यात घालवला. आमच्या शेळ्या तार खातात, त्यामुळं संशय अगदीच खोटा नव्हता. तो टेकडीभर तारा तपासत फिरला, एका शेळीशी त्याची बाचाबाचीही झाली. बुधवारी तो नगरपालिकेत जाऊन टेलिफोनच्या तारेवरून ती अथेन्सची यादी उघडायला बसला. एक पान उघडायला पोलिक्सेनीची एक आख्खी कॉफी होते. तिसऱ्या कॉफीला त्याला नोंद दिसली आणि त्यानं डोकं टेबलावर टेकलं.

"काही चुकलं का?" पोलिक्सेनीनं विचारलं.

"नाही. सगळे रकाने बरोबर भरलेत."

"मग ठीक," पोलिक्सेनी म्हणाली.

तो बाहेर पडला तेव्हा दारात किरा-झाम्बेता, म्हणजे आमची झाम्बेताबाई, उभी होती. किरा-झाम्बेताचं घर चर्चला लागून आहे, मनोऱ्याची सावली तिच्या अंगणात पडते. वय एक्याऐंशी, गुडघे त्याहून जुने. तिच्या घरातली पेटी स्त्रातीसची तिसऱ्या नंबरची, आणि टॅबलेटही त्यानंच दिलेला. तो तिनं ओढणीत गुंडाळून काखेत धरला होता.

"पोरा, तुझी पेटी मेली का रे?"

"मेली नाही, किरा-झाम्बेता. गप्प बसवलीय."

"कोणी?"

"पापांनी."

"किती दिवस?"

"नऊ हजार नऊशे नव्याण्णव सालापर्यंत."

तिनं जरा हिशेब केला. "रविवार त्याच्या आधी येतो ना?"

स्त्रातीसनं तिला पायरीवर बसवलं. रविवारी काय आहे ते सगळ्या बेटाला ठाऊक होतं, कारण ते तिनं सगळ्या बेटाला सांगितलं होतं. तिची एकुलती एक मुलगी अरेती चौदा वर्षं मेलबर्नला आहे. तिला पाच महिन्यांपूर्वी पहिली मुलगी झाली. त्या बाळाचा बाप्तिस्मा रविवारी तिथल्या दुपारी चारला, म्हणजे इथल्या सकाळी नऊला, आणि तो किरा-झाम्बेता टॅबलेटवर डोळ्यांनी बघणार होती.

"बघायचंय म्हणजे ऐकायचंय," ती म्हणाली. "नाव ऐकायचंय रे मला."

आमच्या बेटांवर पहिल्या मुलीला आईच्या आईचं नाव. हे कोणी सांगावं लागत नाही. बाप्तिस्मा होईपर्यंत मूल नुसतं बाळ असतं, आणि धर्ममाता सगळ्यांसमोर नाव उच्चारते तेव्हा आजी डोळे पुसते. पण अरेती पाच महिने टाळत होती. विचारलं की म्हणायची, बाप्तिस्म्याला ऐक ना, आई. बाळाचा बाप क्रेग तिथलाच. "पोरगा चांगला आहे," किरा-झाम्बेता म्हणायची, "माशाचं डोकं खात नाही, एवढंच."

"हल्लीच्या पोरींना हे नाव नको वाटतं," ती आता म्हणाली. "आणि त्यांचं तरी काय चुकलं? बेटावर झाम्बेता तीनच होतो. मी, निकितासच्या बापाची होडी आणि गिरणीवाल्याची खेचर. होडी बुडाली. खेचर म्हातारी झालीय. माझ्यामागं कोण आहे?"

"फोनवर विचारा ना, घरात फोन आहे."

"फोनवर ती काहीही सांगेल, मला बरं वाटावं म्हणून. मला धर्ममातेचं तोंड बघायचंय." ती टॅबलेटवरची ओढणी नीट करत राहिली. "नसेल माझं, तर नसेल. पण ते मला माझ्या डोळ्यांसमोर नसू दे."

स्त्रातीसला आपली आजी आठवली आणि वाईट वाटलं. तो तसाच चर्चकडे निघाला.

पापांना ऐकून खरंच हसू आलं. शब्द टिपून घेतल्याबद्दल पोलिक्सेनीचं कौतुकही वाटलं. "मग रद्द करून टाका," ते म्हणाले, "आम्ही काय युगानुयुगे माइक धरून बसणार आहोत?"

म्हणून गुरुवारी तिघंही नगरपालिकेत जमले. दोन कॉफ्यांमध्ये रद्द करायचा अर्ज उघडला. खाली एक वाक्य होतं आणि त्याच्याखाली पापांची सही हवी होती. पोलिक्सेनीनं ते खणखणीत आवाजात वाचलं: "वर नमूद केलेला कालावधी आज संपुष्टात आला आहे, असे मी जाहीर करतो."

पापांनी पेन टेकवलं आणि तिथंच थांबवलं.

"कुठला कालावधी?"

"युगानुयुगे," पोलिक्सेनी म्हणाली.

"म्हणजे युगानुयुगे संपलं म्हणून मी सही करायची? आज? गुरुवारी?"

"पापा, ही फक्त माइकची नोंद आहे," स्त्रातीस म्हणाला. "तारीख आहे नुसती."

"शब्द माझ्या तोंडचे आहेत, बाळा. बिशपच्या हातात हा कागद पडला तर? याकूमिसनं गुरुवारी बारा वाजता अनंतकाळ बंद केला. मला पुढच्या बोटीनं बोलावतील."

"बिशप हा कागद कशाला बघतील?"

"बिशप काय काय बघतात ते तुला माहीत नाही." पापांनी पेन खाली ठेवलं. "शिवाय पोलिक्सेनी आमेन म्हणालीय."

"म्हणालेय," पोलिक्सेनी म्हणाली. त्याबाबतीत ती ठाम होती.

स्त्रातीसनं आधी विनवणी केली, मग नियमाची भाषा केली, मग परत विनवणी केली. दुसऱ्या जागी पेट्या हलवाव्यात तर लहरींमधल्या बाकीच्या सगळ्या जागा समोरच्या तुर्की किनाऱ्यावरच्या मालिकांनी भरलेल्या. त्या बंद करायला गेला असता तर बेटावरच्या बायकांनी त्यालाच बोटीत घालून परत पाठवलं असतं. शेवटी तो म्हणाला, "किरा-झाम्बेताला मी काय सांगू?"

त्यांनी किरा-झाम्बेताचं लग्न लावलेलं नव्हतं, तेवढं त्यांचं वय नाही. पण नवरा तिचा त्यांनीच पुरला होता आणि अरेतीला बोटीवर पोचवायलाही तेच गेले होते. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, मग पेनाकडे पाहिलं, पण पेन काही उचललं नाही.

तेव्हा पोलिक्सेनी म्हणाली, "खाली अजून एक बटण आहे. जागेत बदल."

"त्यानं काय होतं?"

"कालावधी तोच राहतो. माइक फक्त दुसरीकडे जातो."

तिघांनीही त्या बटणाकडे बघितलं. आमच्या समोर समुद्रात शेळ्यांचा खडक आहे. त्यावर एक छोटं चर्च, वर्षातून एकदा उपासना आणि बाकी सगळं वर्ष शेळ्या.

"खडकावर?" स्त्रातीस म्हणाला.

पापांनी धर्माच्या बाजूनं नीट विचार केला. "युगं चालूच राहणार?"

"एक मिनिटही कमी होणार नाही," पोलिक्सेनी म्हणाली.

"मग हरकत नाही. शेळ्यांनीही ऐकलेलं बरं." आणि पापांनी सही केली.

शुक्रवारी सातही पेट्या बोलायला लागल्या. पण आता नवाच घोळ झाला. पापांचा माइक कागदोपत्री शेळ्यांच्या खडकावर होता आणि प्रत्यक्षात रविवारी नऊ वाजता, म्हणजे ऐन बाप्तिस्म्याच्या वेळी, किरा-झाम्बेताच्या अंगणापासून पंधरा पावलांवर बोलणार होता. दोघं एकदम बोलले असते तर तिच्याकडे चित्र फाटलं असतं आणि इकडे पुन्हा माकूल तळलं गेलं असतं. स्त्रातीसनं पुन्हा पापांना गाठलं आणि रविवारी माइक बंद ठेवा म्हणाला.

हे पापांना लागलं. "अरे, अकरा वर्षांत आवाजाची सवय गेलीय माझी. माइक नसला तर मला ऐकणार कोण? निकितासचं कॉफीघर?"

"अर्धा तास फक्त. नऊ ते साडेनऊ."

"साडेनऊच्या पुढं एक मिनिट नाही."

"नाही."

"शब्द दिला," पापा म्हणाले. दिलेला शब्द ते घड्याळ लावून पाळतात, हे स्त्रातीसला माहीत होतं. तेवढ्यावर तो खूश होऊन गेला. शनिवारी हाताशी वेळ होता म्हणून त्यानं किरा-झाम्बेताकडची पेटी उघडून तिचा कान पुन्हा एकदा पिळला, म्हणजे होता त्याच्या दुप्पट तिखट केला. त्यातून काही निघेल अशी आशा त्याची त्यालाच उरली नव्हती.

त्याच संध्याकाळी किरा-झाम्बेता पापांकडे आशीर्वादासाठी पाच पाव आणि नावांची चिठ्ठी घेऊन आली. पाव देणाऱ्याच्या घरातली नावं पापा उपासनेच्या शेवटाकडे मोठ्यानं वाचतात. पापांनी चष्मा लावला. चिठ्ठीवर तीन नावं होती: अरेती, क्रेग, झाम्बेता.

"हे तिसरं तुझं, की बाळाचं?"

"वाचा हो तुम्ही," किरा-झाम्बेता म्हणाली. "एक झाम्बेता तर आहेच ना घरात."

रविवारी नऊच्या आधीच तिचं अंगण भरलं. तुळशीच्या कुंडीला टेकवून टॅबलेट ठेवला होता, शेजारी परातभर साखरेतले बदाम. आमच्याकडे तुळस दर दारात असते, तिच्या आडोशाला सगळं चांगलंच होतं असा समज आहे. चौकातलं कॉफीघर खुर्च्यांसकट इकडे आलं होतं. चर्चमध्ये उरली ती पोलिक्सेनी आणि चर्चचा बहिरा गवई. त्या दोघांसमोर पापा विनामाइक उपासना करत होते आणि लोक आले नाहीत म्हणजे माइकशिवाय आपल्याला कोणी विचारत नाही, अशी त्यांची पक्की समजूत झाली होती.

चित्र स्वच्छ होतं. मेलबर्नचं चर्च दिसत होतं, अरेती दिसत होती, क्रेग कोट घालून घामाघूम झालेला दिसत होता. बाळ मात्र शांत होतं. फक्त धर्ममाता कुठं दिसेना.

"रस्त्यात अडकलीय," अरेती तिकडून म्हणाली. "येतेच आहे."

नवाचे सव्वानऊ झाले. मेलबर्नला गेले तरी आमचेच लोक ते, त्यांचे चार म्हणजे साडेचार. स्त्रातीसला हे आधी सुचायला हवं होतं. तो मनोऱ्याकडे बघून घड्याळ बघायचा आणि घड्याळ बघून मनोऱ्याकडे. नऊ पंचवीसला तो उठला, तसं निकितासनं त्याला खाली बसवलं, कारण मागच्यांना दिसत नव्हतं. नऊ अठ्ठावीसला मोठी टोपी घातलेली एक बाई धावत आत आली. अंगणात सगळ्यांनी श्वास सोडला. तिकडच्या पापांनी बाळ हातात घेतलं आणि धर्ममातेकडे वळून नाव विचारलं.

किरा-झाम्बेतानं दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट धरले.

धर्ममातेनं तोंड उघडलं. चित्र थिजलं. आणि त्याच क्षणी साऱ्या चौकात घुमेल असा खणखणीत आवाज झाला: "झाम्बेता."

अंगणात एकच गलका उडाला. निकितासनं धावत जाऊन घंटेचा दोर ओढला. बायका किरा-झाम्बेताच्या गळ्यात पडल्या. कोणी बदामांची परात फिरवली, कोणी तिच्या नवऱ्याची आठवण काढून रडलं. टॅबलेटवर धर्ममातेचं तोंड तसंच उघडं होतं आणि तिकडे आता कोणाचंच लक्ष नव्हतं.

लक्ष होतं ते एकट्या स्त्रातीसचं, आणि तेही स्वतःच्या लॅपटॉपवर. तिथं एक ओळ उमटली होती: जवळ माइक आढळला, पेटी गप्प. सात वेळा बहिरा निघालेला कान आज चांगलाच तिखट निघाला होता. काय झालं ते त्याला सगळं कळलं. पापा चिठ्ठी वाचत होते. अरेती आणि क्रेग ही दोन नावं त्यांनी विनामाइक वाचली, तेवढ्यात साडेनऊ झाले, आणि तिसऱ्या नावाला त्यांनी माइक सुरू केला. स्त्रातीसची नोकरी वाचली होती आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

तो किरा-झाम्बेताजवळ जाऊन खाली वाकला. "एक सांगायचंय," तो हळूच म्हणाला.

"नको सांगूस," ती म्हणाली. ती हसत होती, पण डोळे भरलेले होते. "मेलबर्न माझ्या पुढ्यात होतं, पोरा. आवाज माझ्या पाठीमागून आला. मी म्हातारी आहे, बहिरी नाही."

"पापांना थांबवतो. दोन मिनिटांत चित्र परत येईल."

"बसून राहा. लोकांचे बदाम संपू देत आधी." तिनं त्याच्या हातातही एक बदाम ठेवला. "मग जे असेल ते ऐकू."

तेवढ्यात चर्चच्या दारातून पापा बाहेर आले. हातात माइक, चेहऱ्यावर तेज. "बघितलंस?" ते स्त्रातीसला म्हणाले. "माइक सुरू केला मात्र, बाहेर केवढा जल्लोष झाला. घंटासुद्धा वाजवली लोकांनी. अर्धाच तास बंद ठेवला, तर गाव एवढं आसुसलं होतं."

स्त्रातीस काही बोलणार, तोच घरातला फोन वाजला.

किरा-झाम्बेता भिंतीला धरत आत गेली. बाहेर फक्त तिचा आवाज येत होता. "हो, बाई. ऐकलं तर. सगळ्या बेटानं ऐकलं." मग ती थांबली. मग नुसतंच "काय?" म्हणाली. फोन संपेपर्यंत स्त्रातीसच्या हातातल्या बदामाची साखर विरघळून चिकट झाली.

ती बाहेर आली आणि पहिल्या दिसलेल्या खुर्चीवर बसली.

"काय म्हणाली अरेती?" निकितासनं विचारलं.

"विचारत होती, तू ऐकलंस कसं म्हणून. तिथं असून त्यांना कोणालाच ऐकू आलं नाही. त्यांच्या पापांचा माइक ऐनवेळी चर्र करायला लागला. धर्ममाता दोनदा ओरडली, तरी मागं बसलेल्यांना काही कळेना."

"मग?"

"मग क्रेग खुर्चीवर उभा राहिला आणि ओरडला." किरा-झाम्बेतानं ओढणीचं टोक डोळ्यांना लावलं. "नाव हेच ठेवायचं, असं त्याचं म्हणणं होतं. अरेती म्हणत होती, तिथं या नावाला पोरं हसतील. हा म्हणाला, आजीचं नाव आहे, हसू देत. म्हणता येत नाही त्याला नीट. झॅम्बेटा म्हणतो." ती रडायलाच लागली. "म्हणू दे काय म्हणायचं ते. आता आला ना, की माशाचं डोकं मी त्याच्या ताटात वाढणारच नाही."

पापा-याकूमिसना यातलं अर्धंच कळलं. पण प्रसंग आशीर्वादाचा आहे एवढं त्यांनी ओळखलं. त्यांनी माइक तोंडाशी धरला, हात वर केला आणि बाळ झाम्बेताला दीर्घायुष्य मागून शेवटी सवयीनं म्हणाले, "आता आणि सदासर्वदा आणि युगानुयुगे."

"आमेन," चर्चच्या दारातून पोलिक्सेनी म्हणाली.

स्त्रातीसनं आधी वळून तिच्या हातात कुठला अर्ज नाही ना, ते पाहून घेतलं. मग तोही म्हणाला.